गेरू, नीळ आणि हिंगूळ : जयपुरातली चित्रकलेची बाराखडी

दृश्यकलेची मूलतत्त्वे सात मानतात : रेषा, आकार, घनता, अवकाश, छायाप्रकाश, पोत आणि रंग. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षेला बसलेल्या मुलांना ही यादी तोंडपाठ असते. तिची चित्रांशी गाठ पुष्कळदा पुढेही पडत नाही. आपल्याकडची यादी याहून जुनी आहे. तेराव्या शतकातील यशोधराने कामसूत्रावरच्या ‘जयमंगला’ टीकेत चित्राची सहा अंगे नोंदवली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. आधुनिक यादी कागदावर जे दिसते तेवढेच धरते. यशोधराच्या यादीत भाव आणि लावण्यही आहेत, म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात जे उतरते तेही चित्राचाच भाग मानलेले आहे. दोन्ही याद्या एकाच शहरात पडताळून पाहता येतील असे गाव म्हणजे जयपूर. लघुचित्रे, भित्तिचित्रे, ठशांची छपाई, सोन्यावरचा मीना आणि निळी भांडी या सगळ्यांचे कारागीर येथे एकमेकांच्या शेजारी वाढले, आणि शहराची आखणीही एखाद्या चित्रासारखी आधी कागदावर झाली.

रेषेपासून सुरुवात करायची तर जयपूरजवळच्या सांगानेरला जावे. तेथील छिपा कारागिरांकडे एकाच नक्षीसाठी निरनिराळे लाकडी ठसे असतात. बाह्यरेषेच्या ठशाला ‘रेख’ म्हणतात, रेषेच्या आत रंग भरणाऱ्याला ‘दत्ता’ आणि मागची जमीन रंगवणाऱ्याला ‘गद’. रेषा, आकार आणि पार्श्वभूमी या तीन कल्पना पुस्तकात एका वाक्यात उरकतात. येथे त्या तीन वेगळ्या लाकडांत कोरलेल्या आहेत. रेखेचा ठसा केसभर सरकला तर दत्ता कितीही नेमका बसवला तरी फूल विस्कटते. म्हणून रेख अनुभवी हाताकडे असते.

लघुचित्रातही हाच क्रम. प्रथम खाका, मग रंगांचे सपाट थर आणि शेवटी पुन्हा रेषा. ही शेवटची रेषा खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने काढतात आणि पापण्या, मोत्यांच्या माळा, पागोट्याच्या कडा तिच्याच जिवावर उभ्या राहतात. जयपूर दरबारी रेषेचे सामर्थ्य पाहायचे तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असलेले कृष्णाचे मस्तक पाहावे. १८०० च्या सुमाराचे हे रेखाटन साहिबराम या चित्रकाराचे मानले जाते. रासलीलेच्या मोठ्या चित्रासाठी केलेली ही पूर्वतयारी होती. कपाळापासून हनुवटीपर्यंत रेषा एका दमात उतरते, आणि लांबट, कानाकडे ओढलेला डोळा चेहऱ्यावर राज्य करतो. शरीरशास्त्राच्या मापाने तो डोळा चूक आहे. यशोधराच्या ‘लावण्ययोजना’त मात्र तो अगदी जागच्या जागी आहे.

आकार आणि अवकाश या तत्त्वांचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे जयपूर शहरच. सवाई जयसिंग दुसरे यांनी १८ नोव्हेंबर १७२७ रोजी नव्या राजधानीची पायाभरणी केली. आखणीत विद्याधर भट्टाचार्य यांचा मोठा वाटा होता. मूळ कल्पना नऊ चौकोनांची. पण वायव्येला नाहरगडचा डोंगर आडवा आला, तेव्हा तेथला चौकोन उचलून पूर्वेच्या बाजूला बसवला. कागदावरची पूर्ण आकृती जमिनीने मोडली, आणि त्या मोडण्यामुळेच नकाशा जिवंत वाटतो. रुंद सरळ रस्ते, सारख्या उंचीची दुकाने आणि ठरावीक अंतरावर येणारे चौपड यांमुळे नजर दूरवर जाते. युरोपीय चित्रकारांनी पंधराव्या शतकात जे यथार्थदर्शन गणिताने बसवले, म्हणजे समांतर रेषा लांब जाता जाता एका बिंदूत मिळताना दिसतात ते तत्त्व, जोहरी बाजारात उभे राहिले की आपोआप कळते.

याच शहरात काढलेली चित्रे मात्र त्या नियमाने बांधलेली नाहीत. राजस्थानी लघुचित्रात महालाची भिंत समोरून दिसते, अंगण वरून, आणि हौदातले मासे आणखी तिसऱ्याच जागेवरून. महत्त्वाची व्यक्ती मोठी, चाकर लहान. जवळचे खाली, लांबचे वर. हे अडाणीपण खचितच नव्हे. एका जागी खिळलेल्या डोळ्याऐवजी चित्रात हिंडणारा डोळा येथे गृहीत धरला आहे. अकबराने महाभारताचे फारसी भाषांतर करवून घेतले, त्या ‘रज्मनामा’ची शाही सचित्र प्रत जयपूरच्याच राजसंग्रहात आहे. तिच्यातल्या युद्धांच्या चित्रांत गर्दी कागदाच्या खालपासून वरपर्यंत रचत नेली आहे. क्षितिज जवळजवळ शिल्लकच राहत नाही, आणि तरीही कोण कोणावर धावून जातो आहे हे क्षणभरही निसटत नाही.

घनता आणि छायाप्रकाश ही जोडी जंतरमंतरमध्ये दिसते. जयसिंगांच्या या वेधशाळेतील सम्राट यंत्राची उंची सुमारे २७ मीटर. त्याच्या तिरप्या भिंतीची सावली बाजूच्या कमानींवर सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, म्हणजे नुसत्या डोळ्यांना हलताना दिसते. यंत्रे वेळ मोजण्यासाठी आणि ग्रहताऱ्यांचे वेध घेण्यासाठी बांधली. पण त्रिकोण, अर्धगोल आणि पंचपात्री यांच्यावर दिवसभर बदलणारा उजेड चित्रकाराला घनतेचा जो पाठ देतो, तो वर्गातल्या प्लॅस्टरच्या गोळ्याला जमत नाही. लघुचित्रकाराने सावलीला वेगळी वाट काढली. एका बाजूने पडणारा उजेड तो सहसा मानत नाही. गालाची गोलाई दाखवायची तर बारीक ठिपके आणि तंतू घालत जातो. या कामाला ‘परदाज’ म्हणतात. फ्रान्समध्ये जॉर्ज सेऱ्याने १८८० च्या दशकात ठिपक्यांनी चित्रे रंगवली, तेव्हा दोन्हींची तुलना सहज सुचते, पण ती फार ताणू नये. सेऱ्याचे ठिपके वेगवेगळ्या रंगांचे असतात आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यात त्यांची भेसळ होते. परदाजाचे ठिपके एकाच रंगाचे गडद रूप असतात; त्यांचे काम गोलाई आणण्याचे.

पोत म्हणजे पृष्ठभागाचा स्पर्श, मग तो खरा असो की नुसता डोळ्यांना जाणवणारा. जयपूरच्या भिंतींवरचे ‘आराइश’ हे याचे नामी उदाहरण. मुरवलेला चुना आणि संगमरवराची पूड यांचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंग लावतात, थापीने हलके ठोकतात आणि शेवटी अकीकाच्या गोट्याने घोटतात. चुना वाळताना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा होतो आणि रंगाचे कण त्या थरात कायमचे अडकतात. दिवसभरात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी करायचा, कारण वाळल्यावर दुरुस्तीला वाव नाही. अजिंठ्याची रीत याहून वेगळी होती. तेथे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो सुकल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले आहेत. अजिंठ्याची भिंत प्रकाश पिऊन घेते. आराइशची भिंत आरशासारखी तो परत करते. एकच गेरू दोन्ही ठिकाणी लावला तरी तो एकसारखा दिसणार नाही.

येथून रंगाचा विषय सुरू होतो, आणि तो जरा ऐसपैस घ्यावा लागतो.

जयपूरची पायाभरणी झाली त्याच वर्षी, १७२७ च्या मार्चमध्ये, लंडनमध्ये आयझॅक न्यूटनचे निधन झाले. हा नुसता योगायोग. पण लक्षात राहण्यासारखा. न्यूटनने १७०४ साली प्रकाशावरच्या आपल्या ग्रंथात पांढरा उजेड अनेक रंगांचा बनलेला असतो हे मांडले, आणि ते रंग एका वर्तुळावर रचून दाखवले. शाळेत शिकवतात ते रंगचक्र त्याचेच वंशज. लाल, पिवळा, निळा हे प्राथमिक रंग. त्यांच्या दोन-दोनांच्या मिश्रणातून नारिंगी, हिरवा, जांभळा हे दुय्यम. चक्रात समोरासमोर येणारे ते विरोधी. उजेडाचे मिश्रण आणि रंगद्रव्याचे मिश्रण यांत मात्र गल्लत करू नये. मोबाइलच्या पडद्यावर लाल, हिरवा, निळा उजेड एकत्र आला की पांढरा दिसतो. वाटीत सगळे रंग कालवले की चिखल होतो, कारण प्रत्येक द्रव्य उजेडातला काही भाग गिळून टाकते.

रंगाला तीन अंगे असतात : त्याची जात, त्याचा उजळपणा आणि त्याची तीव्रता. जयपूरचा प्रसिद्ध ‘गुलाबी’ या तिन्ही कसोट्यांवर घासून पाहिला की तो गुलाबी नाहीच असे निघते. गेरू म्हणजे लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल झालेली माती; तिची जात नारिंगीकडे झुकणारी लाल. चुन्यात कालवल्याने उजळपणा वाढतो. तीव्रता मात्र मातीच्या रंगांची मुळातच कमी. राहतो तो भाजलेल्या विटेचा, किंचित धुरकट रंग. १८७६ साली ब्रिटनचे युवराज अल्बर्ट एडवर्ड जयपूरला आले, तेव्हा सवाई रामसिंग दुसरे यांनी बाजारपेठा या रंगात रंगवून घेतल्या असे सांगतात, आणि ‘गुलाबी शहर’ हे नाव जगभर झाले. सकाळी हा रंग फिका पिवळसर वाटतो, भर दुपारी जवळजवळ विटून जातो आणि मावळतीला पेटतो. भिंत तीच असते, उजेड बदललेला असतो.

शेजारचा रंगही आपले काम करतो. मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तेथे काळी लोकर पुरेशी काळी दिसत नाही अशी तक्रार आली. त्याने लोकर तपासली. रंगाईत दोष नव्हता. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका भासत होता. १८३९ साली त्याने यावर ग्रंथ लिहिला आणि पुढे प्रभाववादी चित्रकारांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. जयपूरच्या गवंड्यांना शेव्हरल ठाऊक असण्याचे कारण नाही. पण गेरूच्या भिंतीवर पांढऱ्या चुन्याच्या बारीक रेघा आणि वेलबुट्टी काढली की गेरू अधिक गडद होतो हे त्यांना कळत होते. १७९९ मध्ये सवाई प्रतापसिंगांनी उभारलेल्या हवामहालाची शोभा निम्मी तरी या पांढऱ्या रेघांची आहे. उरलेल्या निम्म्यात वरचे निळे आकाश येते, कारण नारिंगी आणि निळा चक्रात समोरासमोर बसतात.

आता रंग येतात कुठून? जुन्या चित्रकाराच्या रंगपेटीत हिंगूळ होता, म्हणजे पाऱ्याचे लाल खनिज. सिंदूर होता, हरताळ हा आर्सेनिकयुक्त पिवळा होता, नीळ, लाजवर्द, जंगाल, काजळ, सफेदा आणि सोन्याचा वर्खही होता. पिवळ्यासाठी ‘पेवडी’ नावाची एक गोळी मिळे. ती मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावात फक्त आंब्याच्या पानांवर ठेवलेल्या गाईंच्या मूत्रापासून करतात, असे त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी १८८३ मध्ये नोंदवले. गाईंची त्यात आबाळच होती, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हा रंग बाजारातून नाहीसा झाला. प्रत्येक रंगाचा स्वभाव निराळा. तांब्यापासूनचे जंगाल काळाच्या ओघात कागद खाते, म्हणून शहाणे चित्रकार नीळ आणि हरताळ मिसळून हिरवा करीत. रंगचक्रात निळा अधिक पिवळा म्हणजे हिरवा हे सूत्र सरळ दिसते. पेटीत मात्र कोणता निळा आणि कोणता पिवळा यावर चित्राचे आयुष्य ठरते. रंग डिंकाच्या पाण्यात कालवून ‘वसली’वर, म्हणजे एकावर एक चिकटवलेल्या हातकागदांच्या पुठ्ठ्यावर, लावतात आणि कागद पालथा घालून मागून घोटतात. त्याने रंगाला गुळगुळीत तुकतुकी येते.

कापडावर रंगाचे गणित आणखी गमतीचे होते. जयपूरपासून सुमारे ३० किलोमीटरवरच्या बगरू गावात कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून पिवळट करतात. मग ‘स्याही’ आणि ‘बेगर’ यांचे ठसे उठवतात. स्याही म्हणजे गंजलेले लोखंड आणि गूळ आंबवून केलेले पाणी. हिरड्याशी गाठ पडताच ते काळे होते. बेगरात तुरटी असते. तो ठसा कापडावर दिसावा म्हणून त्यात थोडा गेरू घालतात. खरा लाल पुढे उकळत्या हंड्यात, ॲलिझरीन या रंगद्रव्याशी तुरटीचा संयोग झाल्यावर उमटतो. छापणारा कारागीर जो रंग ठेवतो आहे तो त्याला त्या वेळी दिसतच नाही. हिरवे कापड हवे असेल तर निळीत बुडवलेल्यावर डाळिंबाच्या सालीचे पिवळे पाणी चढवतात. रंगचक्राचा तोच धडा येथे दोन हंड्यांत शिकायला मिळतो.

मीनाकारीत रंगाची बेरीज आगीवर अवलंबून असते. सोन्यात कोरलेल्या खळग्यांत काचेची रंगीत पूड भरून भट्टीत घालतात. सर्वांत जास्त ताप सोसणारा पांढरा आधी, मग निळा, हिरवा, काळा. नाजूक लाल शेवटी. शेवटच्या भट्टीत लाल बिघडला तर आधीची सगळी मेहनत वाया जाते, म्हणूनच पारदर्शक माणिकलाल हा जयपूरच्या मीनाचा मानबिंदू ठरला. निळ्या भांड्यांचे दुखणे निराळे. नाव ‘ब्ल्यू पॉटरी’ असले तरी त्यात नेहमीची चिकणमाती नसते. गारेची पूड, काचेची पूड, मुलतानी माती आणि कतिरा डिंक यांची कणीक साच्यात दाबून भांडे करतात. कोबाल्टचा रंग भाजण्यापूर्वी मळकट काळपट असतो, भट्टीतून बाहेर येताना गर्द निळा होतो. तांब्याच्या ऑक्साइडचा फिरोजी होतो. विसाव्या शतकात ही कला जवळजवळ विझली होती. शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार कृपालसिंह शेखावत (१९२२–२००८) यांनी ती पुन्हा उभी केली आणि १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

शैली म्हणजे ही सगळी तत्त्वे विशिष्ट काळात, विशिष्ट माणसांनी कशी जुळवली याची खूण. राजस्थानी चित्रकलेचे मेवाड, मारवाड, हाडौती आणि ढुंढाड असे चार मोठे प्रवाह सांगतात. आमेर-जयपूर हे ढुंढाडात येते. आमेरचे मानसिंग अकबराचे सेनापती, त्यामुळे मोगल चित्रकलेची छाया येथे सर्वांत आधी आणि सर्वांत दाट पडली. नेमकी व्यक्तिचित्रे, आटोपशीर रंग, बांधीव रचना. मेवाडच्या भडक लाल-पिवळ्या सपाट चित्रांशेजारी जयपूरचे चित्र ठेवले तर ते दरबारी पोशाखात आल्यासारखे वाटते. दाद मेवाडच्या रांगडेपणाला द्यावीशी वाटली तरी कारागिरीत जयपूर हार जात नाही.

दरबाराच्या छत्तीस कारखान्यांपैकी ‘सूरतखाना’ हा चित्रकारांचा. साहिबरामने सवाई ईश्वरीसिंगांचे माणसाएवढ्या उंचीचे व्यक्तिचित्र केले. कागदाच्या वीतभर जगातून चित्र तेथे बाहेर पडले. हेच ते ईश्वरीसिंग, ज्यांनी १७५० च्या डिसेंबरात मल्हारराव होळकरांची फौज चालून आल्यावर विष घेतले. म्हणून मराठी वाचकाला हे चित्र जरा अवघडल्यासारखे पाहावे लागते. प्रतापसिंग (१७७८–१८०३) स्वतः ‘ब्रजनिधी’ नावाने काव्य करीत. त्यांच्या काळात राधाकृष्ण, रागमाला आणि मोठ्या रासलीला रंगल्या, आणि जयपूर शैली आपल्या कळसाला पोहोचली.

रामसिंग दुसऱ्यांना छायाचित्रणाचे वेड होते. ते स्वतः कॅमेरा चालवत, काचा धुवत. कॅमेऱ्याने एका डोळ्याचे यथार्थदर्शन आणि एका बाजूचा उजेड राजवाड्यात आणला, आणि पुढच्या व्यक्तिचित्रांतले चेहरे छायाचित्रासारखे झाले. सादृश्य वाढले, लावण्य घटले. त्यांच्याच कारकिर्दीत जयपूरला कलाशाळा निघाली. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमधून जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेत होते. जयपूरच्या शाळेचा भर मात्र हस्तव्यवसायांवर राहिला. स्विंटन जेकब यांच्या आराखड्याने बांधलेला अल्बर्ट हॉल १८८७ मध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला, तोही कारागिरांना चांगले नमुने पाहायला मिळावेत म्हणून. याच सुमारास शेखावाटीच्या हवेल्यांवर जर्मनीहून आलेले रासायनिक रंग चढू लागले. स्वस्त, भडक निळ्याने मातीच्या जुन्या रंगांना मागे सारले. त्या भिंतींचा काळ आज निळ्यावरूनही ओळखता येतो.

विसाव्या शतकात वारे बंगालकडून आले. अवनींद्रनाथ ठाकुरांनी यशोधराची षडंगे पुन्हा चर्चेत आणली होती. त्या परंपरेतले असितकुमार हालदार आणि शैलेंद्रनाथ डे जयपूरच्या कलाशाळेत आले. त्यांच्या तालमीतून रामगोपाल विजयवर्गीय (१९०५–२००३) यांच्यासारखे चित्रकार पुढे आले, ज्यांच्या चित्रांत राजस्थानी रेषा बंगालच्या धुवट रंगांत उतरली. देवघेव एकतर्फी नव्हती. आराइश शिकवायला जयपूरचे नरसिंगलाल मिस्त्री शांतिनिकेतनला गेले आणि नंदलाल बोसांनी आपल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या हाताखाली कामाला लावले.

अखेरची गाठ पुन्हा नऊ चौकोनांशी पडते. मुंबईत काम करणाऱ्या चार्ल्स कोरिया यांनी जयपूरच्या जवाहर कला केंद्राचा आराखडा केला, तेव्हा जयसिंगांचाच नकाशा समोर ठेवला. प्रत्येकी ३० मीटर बाजूचे नऊ चौकोन, प्रत्येक एका ग्रहाचा. मधला सूर्याचा चौकोन उघडा, पायऱ्यांच्या कुंडासारखा. आणि जुन्या शहरातल्याप्रमाणे एक चौकोन जागेवरून सरकवलेला. या वेळी मध्ये डोंगर नव्हता, आत येणाऱ्यांसाठी वाट हवी होती.